साहेबांच्या भावाची बॅट

नाशिक, रविवार ता. १० जानेवारी १९३७

चि. इसाक यास फुलाबाईचा प्रभूत सलाम.

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. तुझे दाजी बरे आहेत. गुडघे धरतात, पण देवळाची घंटा अजून तेच वाजवतात. तू भुसावळला इंजिनाच्या शेडात आहेस हे मनमाडच्या गार्डाने सांगितलं, पत्ता त्यानेच दिला. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर वाडीभर झालं असतं.

काम असं आहे. आपल्या देवळाच्या क्रिकेट क्लबाला या ईस्टरला पंचवीस वर्षं होतात. नवे पाळक म्हणतात, क्लबाचा इतिहास लिहायचा, ईस्टरच्या सोमवारी सामन्याआधी सगळ्या मंडळीसमोर वाचायचा, मग छापायचा. लिहायचं काम शाळेच्या गेणू मास्तराकडे दिलंय. तुझ्या बोलिंगवर झेल सोडायचा तोच. आता चष्मा लागलाय, तेव्हाच लागायला हवा होता. वही घेऊन रोज माझ्या ओट्यावर येऊन बसतो. क्लबाचे कपडे पंचवीस वर्षं मीच धुतले, तेव्हा मला सगळं ठाऊक असणार असं त्याचं म्हणणं.

मग मी सांगत गेले. मिशनच्या थोरल्या साहेबांनी बाराच्या साली क्लब काढला. दुष्काळात मिशनने सांभाळलेली पोरं मोठी झाली होती, प्रवचनात पेंगायची. साहेब म्हणाले, यांना आधी पळवा, मग उपदेश करा. पहिल्या पँटी बंगल्याच्या जुन्या पडद्यांच्या शिवल्या, त्या मीच शिवल्या, एकीवर फुलं होती ती कोणी घालीना. खेळपट्टीला चटई नव्हती म्हणून देवळातली मधल्या वाटेची काथ्याची चटई शनिवारी गुंडाळून मैदानावर न्यायची आणि रविवारी घंटेच्या आत परत अंथरायची. बायका गुडघे टेकायच्या तर लुगड्याला तांबडी माती. मास्तर हसत हसत लिहून घेत होता.

साहेबांचा नियमही सांगितला. बाद झालास तर अंपायरकडे बघायचं नाही, आपणहून चालू लागायचं. देवाला कळलंय, तुला कळलंय, तिसऱ्याला कशाला विचारतोस, असं म्हणायचे. दुसऱ्या क्लबांचे लोक आपल्याला हसायचे, पण आपल्याशी खेळायला यायचे.

मास्तराच्या वहीत तुझंही पान आहे. पाळक म्हणतात, इसाकने चूक झाली, माफी असावी, अशा दोन ओळी लिहून पाठवल्या तर त्याचं नाव यादीत परत घालू, देवळातली प्रभुभोजनाची भाकरही मोकळी करू. नाहीतर घडलं तसंच छापलं जाईल. छापलेलं मग पुसता येत नाही.

दोन ओळींनी तुझं काय झिजतं? लिही आणि मोकळा हो. मलाही मोकळं कर.

तुझी आक्का,
फुलाबाई

—

नाशिक, रविवार ता. ३१ जानेवारी

चि. इसाक यास सलाम.

कार्ड पोचलं. एवढंच लिहायचं होतं तर उरलेलं कार्ड कोरं कशाला ठेवलंस? "आक्का, माफी कशाची मागू? मी बाद नव्हतो." खाली साधा सलामसुद्धा नाही.

ते आधी तुझ्या दाजींच्या हाती पडलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि बायबलात ठेवून दिलं. "पोरगा अजून तिथंच उभा आहे," म्हणाले.

मला राग आला, म्हणून मास्तराच्या वहीत काय आहे ते तुला कळवते. तू विसरला असशील तर आठवेल. सन एकतीसचा ईस्टरचा सोमवार. मालेगावचे विणकर लॉरीतून आले. त्यांच्या धावा ब्याण्णव. आपले नऊ गडी गेले तेव्हा फळ्यावर सत्त्याऐंशी. जिंकायला सहा पाहिजेत आणि तू एकतीसवर खेळतोयस. चेंडू बॅटीजवळून गेला, आवाज झाला, मागे त्यांच्या अब्बासने झेलला आणि ओरडला. आवाज बाभळीखाली बसलेल्या पोरांनीही ऐकला. अंपायर तुझे दाजी. त्यांनी बोट वर केलं. तू चालू लागला नाहीस. लागली नाही, म्हणालास. आवाज बॅटच्या आतला आहे, असंही म्हणालास. शेवटी साहेब स्वतः मैदानात गेले आणि हाताला धरून तुला बाहेर आणलं. आपण पाच धावांनी हरलो. हरल्याचं कोणाला काही नव्हतं, आपण नेहमीच हरायचो. आपल्या क्लबाचा गडी सगळ्यांसमोर खोटं बोलला, हे झालं.

पुढच्या रविवारी पंचमंडळींनी सांगितलं, मंडळीसमोर उभा राहून कबूल कर, नाहीतर प्रभुभोजन बंद. तू कबूल केलं नाहीस. कोणाची हरकत असेल तर सांगा, अशी तुझ्या लग्नाची पुकार देवळात दोनदा झाली होती. तिसरी त्याच दिवशी व्हायची होती, ती उपदेशकांनी थांबवली. खोटं बोलणाऱ्याला माझी एस्तेर देत नाही, म्हणाले. तू त्याच रात्री गाडी धरलीस.

मास्तराने लिहिलंय, "सख्ख्या मेहुण्यालाही बाद देणारे आमचे अंपायर रावजी हे या क्लबाचे भूषण होत." दाजींना दोनदा वाचून दाखवलं. विलायतेला जाताना साहेबांनी त्यांना आपली पांढरी हॅट दिली होती, आठवतं ना? नाही, तू तेव्हा नव्हतास. ती हॅट घालूनच ते अजून घंटा ओढतात. गावातले लोक बोट दाखवतात, हाच तो, मेहुण्याला बाद दिला तो. माझ्याकडेही दाखवतात. तिने भावाची बाजू घेतली नाही, म्हणतात. बायकांच्या बाजूला मला पहिला बाक देतात.

त्या सामन्याचे अकरा जणांचे कपडे मी शनिवारी नासर्डी नदीवर धुऊन आणले होते. माझं धोपटणं अंबूबाईने नेलं होतं, ते तिने आजतागायत परत दिलेलं नाही. ते असो.

माफी लिहायची नसेल तर नको लिहूस. पण काहीतरी लिही. कार्ड कोरं ठेवू नकोस.

आक्का

—

नाशिक, रविवार ता. २१ फेब्रुवारी

इसाक,

या पत्राची तीन पानं मी चुलीत घातली. हे चौथं. हे नाही घालणार. तुझं उत्तर नाही, तेच बरं आहे. उत्तर आलं असतं तर त्याच्यावर चिडून हे लिहायचं मी पुन्हा टाळलं असतं.

तू बाद नव्हतास. आवाज बॅटचा होता. बॅट मी मोडली होती.

आता नीट सांगते. ती बॅट थोरल्या साहेबांच्या धाकट्या भावाची, हे सगळ्यांना माहीत होतं. तो भाऊ फ्रान्सातल्या लढाईत गेला, आणि त्यांच्या आईने ती पेटीत घालून साहेबांकडे पाठवली. वर्षातून एकदा, ईस्टरच्या सामन्यालाच ती निघायची. बाकीचे दिवस माझ्या ट्रंकेत, धोतराच्या फडक्यात. दर शनिवारी जवसाचं तेल लावायचं आणि उन्हात ठेवायची. आपल्या घरात ऊन कुठलं? म्हणून मी ती धुण्याबरोबर नदीवर न्यायची, खडकाला टेकवून ठेवायची. साहेबांना हे माहीत होतं. ते म्हणायचे, फुलाबाईकडे आहे म्हणजे तिजोरीत आहे.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या क्रुसाच्या दिवशी, कामाला हात लावायचा नाही म्हणून बंगल्याचं आणि क्लबाचं सगळं धुणं शनिवारी आलं. चादरी, पडदे, आणि तुमच्या अकरा पँटी, सगळ्यांच्या गुडघ्यांना तांबडी माती. धोपटणं नाही. हाताने आपटून आपटून माझे खांदे गेले. समोर हे चांगलं रुंद लाकूड उन्हात उभं. मी मनात म्हटलं, साहेबाची झाली तरी लाकूडच ना. आणि घेतलं. आता खोटं कशाला बोलू, धोपटणं म्हणून ती फार चांगली होती. हाताला लागत नव्हती, माती एका दमात सुटत होती. पाच पँटी झाल्या. सहावीला पट्ट्याचं पितळी बकल तसंच राहिलं होतं, त्याच्यावर बसली. टक असा आवाज आला.

दांडा पात्यात जिथं बसवलेला असतो तिथं केसाएवढी चीर. मी तेल जिरवलं, चपलेला लावतात तसं मेण भरलं, वरून दोरा गुंडाळला. घरी येऊन हळूच फिरवून बघितली. काही वाजलं नाही. म्हटलं, जिरलं.

सोमवारी मी तंबूत चहा गाळत होते. तू दोन चौकार मारलेस तेव्हा मी तो आवाज ऐकला. चेंडूच्या आवाजात मिसळून गेला होता, कोणाला कळला नाही. मला कळला, कारण मी तो नदीवर ऐकला होता. मग तू जोराने फिरवलीस आणि लागलीच नाही, तेव्हा एकटा तोच आवाज राहिला. तुझ्या दाजींनी बोट वर केलं. त्यांनी ऐकलं तसं केलं, त्यांचा दोष नाही. तू बॅट दाबून बघितलीस, हळू फिरवून दाखवलीस, ती वाजली नाही. जोराने फिरवल्याशिवाय ती वाजायची नाही. साहेबांचं तोंड पडलं. त्यांना वाटलं, आपली चूक झाकायला हा मेलेल्या भावाच्या बॅटीला दोष देतोय.

तरी माणूस न्यायाचा. त्यांनी मला तंबूतून बोलावलं. हे मी मास्तराला सांगितलं नाही, मागच्या पत्रातही लिहिलं नाही, पण तू विसरला नसशील. ते म्हणाले, "फुलाबाई, बॅट तू सांभाळतेस. तिला काही झालं आहे का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. शनिवारीच तेल लावलंय."

त्यातलं तेलाचं तेवढं खरं.

तू माझ्याकडे बघितलंस. मग बॅट खाली ठेवलीस. तुला तेव्हाच कळलं होतं का, हे मला सहा वर्षं समजलेलं नाही.

का केलं ते विचारशील. बंगल्याचं धुणं जाईल ही भीती होती, पण ती धाकटी. साहेब त्या बॅटीला हात लावायच्या आधी डोक्यावरची हॅट काढायचे. तिच्यावर मी पँटींची माती काढली, हे त्यांच्या तोंडावर म्हणायला जीभ उचलेना. लाज, एवढंच. तुझं काय, एका खेळाची गोष्ट, रविवारपर्यंत विसरतील, असं वाटलं. रविवारी पंचमंडळींनी तुला उभं केलं तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर आठ दिवस का नाही सांगितलं विचारतील. मग दर दिवशी कालच्यापेक्षा एक दिवस जास्त होत गेला.

आणि एस्तेर. उपदेशकांनी तिसरी पुकार थांबवली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. नवीनच घेतलेलं पातळ नेसली होती. तुला पोरीचा स्वभाव माहीत आहे, रडली नाही. म्हणाली, "आक्का, तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत. तुम्हीच सांगा, ते खोटं बोलतात का? तुम्ही नाही म्हणालात तर मी बाबांचं ऐकणार नाही."

मी म्हटलं, "मला खेळातलं काय कळतं."

ती वळून गेली. पुढच्या साली नगरच्या मास्तराला दिली. दोन मुलं आहेत. सुखात असेल, मी विचारलेलं नाही.

बॅटीचं पातं मी कपडे उकळायच्या भट्टीत जाळलं. साहेबांना सांगितलं, वाळवी लागली. मी रडत होते, ते त्यांना बॅटीसाठी वाटलं. माझी समजूत काढत म्हणाले, "रडू नकोस फुलाबाई, शेवटी लाकूडच होतं." माझ्याच मनातले शब्द त्या माणसाच्या तोंडून आले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर मान वर केली नाही. ते त्यांना माझी नम्रता वाटली असेल.

दांडा चांगला होता म्हणून टाकला नाही. भट्टीतले कपडे ढवळायला घेतला. सहा वर्षं रोज माझ्या हातात आहे. वाडीतल्या प्रत्येक बाईने बघितलाय, कोणी ओळखला नाही. उकळून उकळून पांढरा पडलाय.

आई साथीत गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. तू खोटं बोललास म्हणून मी तुला एकदा चटका दिला होता. अजून हातावर आहे का?

फुलाबाई

—

नाशिक, रविवार ता. १४ मार्च

इसाक,

तुझ्या दाजींना सांगितलं.

तुला लिहिणं सोपं होतं. तू भुसावळला, आणि कागद उलटून बोलत नाही. घरातल्या माणसाला सांगायला मला सतरा दिवस लागले. बुधवारी सकाळी ते घंटा वाजवून आले, हॅट खुंटीला लावली, मी भाकरी थापत होते. पाठ त्यांच्याकडे करून सांगून टाकलं. भाकरी जळली.

मग म्हणाले, "आवाज तर झाला होता. मी काय बहिरा नव्हतो."

मी म्हटलं, "आवाज झाला होता. तुम्ही बरोबर ऐकलंत. मी वाजवून ठेवला होता."

आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. उठून गेले. तीन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत, चुलीशी बसून स्वतः पिठलं करायचे. त्यांना पिठलं येत नाही, गुठळ्या व्हायच्या, त्याच खायचे. हॅट खुंटीवरच राहिली. उघड्या डोक्याने घंटा ओढायला जायला लागले तेव्हा गेणू मास्तराने विचारलं, बरं नाही का? म्हणाले, ऊन कमी आहे. मार्च महिना.

मी पाळकांकडे जाऊन एकांतात सांगून येते, म्हटलं. ते गुपचूप मास्तराला सांगून वहीतलं पान काढून टाकतील. कोणाला कळायचं नाही.

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळून बोलले. "फुले, बाद मी त्याला चारचौघांत दिला. नाबाद काय कोपऱ्यात देऊ?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मला फुले म्हणालेले आठवत नाही. माया होती की राग होता, कळलं नाही. विचारायचं धाडस नाही.

तेव्हा आता ते ईस्टरच्या सोमवारी, सगळ्यांसमोर होणार. माझ्या मनात आलं होतं की ताप आला म्हणून घरी पडावं. तुला खरं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते.

फुलाबाई

—

नाशिक, मंगळवार ता. ३० मार्च १९३७

इसाक,

काल झालं. आज सकाळी लिहायला बसले, नाहीतर माझ्या आठवणीत मी स्वतःला बरं करून घेईन.

मैदानात मांडव घातला होता. मालेगावची मंडळी लॉरीतून आली, अब्बास आता त्यांचा कॅप्टन आहे, दाढी ठेवलीय. पाळकांनी प्रार्थना केली. गेणू मास्तर उभा राहून वाचायला लागला. पडद्यांच्या पँटी आल्या तेव्हा सगळे हसले. चटईचं आलं तेव्हा बायका आपापल्या गुडघ्यांकडे बघून हसल्या. मीही हसले. हसले म्हणून तुला सांगते, कारण पुढच्याच पानाला काय आहे हे मला माहीत होतं, दांडा माझ्या पदराखाली होता, आणि तरी मी हसले.

"सख्ख्या मेहुण्यालाही" एवढं मास्तराने वाचलं आणि तुझे दाजी उठले. "मास्तर, थांबा," म्हणाले. "हिला बोलायचं आहे."

मी पुढे गेले. आपल्या देवळात बाई पुढे येऊन बोलत नाही, हे तर मैदान, पण सगळे देवळातल्यासारखे गप्प झाले. मी दांडा वर केला आणि म्हटलं, ही साहेबांच्या भावाची बॅट. हिला वाळवी लागली नव्हती. मग जे तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, नदी, बकल, मेण, साहेबांनी विचारलं ते, मी सांगितलं ते. एस्तेरचंही सांगितलं. उपदेशक समोरच बसले होते. म्हातारे झालेत. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला तो काढला नाही.

मी धोपटणं म्हटलं तेव्हा मागे कोणीतरी फुस्सकन हसलं. ते मला सगळ्यात लागलं, आणि ते लागायलाच पाहिजे होतं. त्याच हसण्याला भिऊन तर मी तुला विकलं.

पाळक उठून म्हणाले, बाईने मन मोकळं केलं, देव क्षमा करणारा आहे, पण हे इतिहासात नको, क्लबाची शोभा जाते. मास्तर पेन्सिल धरून उभा. तुझे दाजी म्हणाले, "शोभा म्हणून मला सहा वर्षं मिरवलंत. बाद दिलेलं वाचता, मग हे का नको?" मग ते मांडवाबाहेर गेले, चटईपाशी, अंपायर उभा राहतो तिथं जाऊन उभे राहिले. गुडघ्यांमुळे वेळ लागला. तिथून देवळाची घंटा ओढणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "इसाक नाबाद. एकतीस."

मास्तराने लिहून घेतलं. चष्मा पुसून लिहिलं.

तेवढ्यात अब्बास उठला. मला वाटलं, आता हाही काही बोलणार. तो बोटांवर मोजत होता. म्हणाला, "चाचा, मग आम्ही जिंकलो कुठं? तुमचा गडी नाबाद, तुमचे सत्त्याऐंशी, सहा हवेत. ती मॅच तर अर्धीच राहिली." त्यांच्यातल्या एकाने त्याला गप्प बसवायला बघितलं. तो ऐकेना. "अपील मी केलं होतं," म्हणाला, "मला वाटलं लागली. भाईला कळवा, पुढच्या ईस्टरला आम्ही येतो. त्याच जागेवरून पुढे. फळ्यावर सत्त्याऐंशी लिहून ठेवा." लोक हसले, पण तो हसत नव्हता.

मग कालचा सामना झाला. नेहमीप्रमाणे आपण हरलो.

संध्याकाळी पंचमंडळी बसली. माझं प्रभुभोजन तीन महिने बंद. तुझं सहा वर्षं होतं, तेव्हा मला स्वस्तात सोडलं. तुझं मोकळं केलंय, तसा कागद पाळक पाठवतील. बंगल्याचं धुणं आजपासून अंबूबाईकडे गेलं. माझ्याच धोपटण्याने धुते. साहेबांना विलायतेला मी सांगेन तसं मास्तर पत्र लिहिणार आहे, त्याच्यावर सही माझी. बायकांच्या बाजूला आता शेवटचा बाक. तो बरा आहे, तिथं वारा येतो.

साहेबांचा नियम होता, बाद झालास तर अंपायरकडे बघू नको, चालू लाग. मी तर सहा वर्षं अंपायरच्याच घरात उभी राहिले.

तुझे दाजी काल रात्री माझ्या हातचं जेवले. एकच भाकरी, पण जेवले. हॅट अजून खुंटीवर आहे. ती पार्सल करून इसाकला पाठवायची का, विचारत होते. मी म्हटलं, त्याला विचारल्याशिवाय काही पाठवायचं नाही.

क्षमा कर असं मी लिहिणार नाही. जानेवारीत मी तुला माझ्या पापाची माफी मागायला सांगत होते, त्या हाताने आता हे कसं लिहू? एस्तेर काही परत येत नाही. तुझी सहा वर्षं येत नाहीत. पुढच्या ईस्टरला ये असंही म्हणत नाही, तो हक्क माझा राहिला नाही. फळ्यावर मास्तराने सत्त्याऐंशी लिहिलंय आणि पोरांना बजावलंय की पुसायचं नाही, एवढं कळवते.

आणि आलासच, तर बॅट तुझी तू आण. माझ्या घरातली घेऊ नकोस.

फुलाबाई